तीन नवी स्थानकं, साडेचार अब्ज डॉलर: न्यूयॉर्कची सेकंड अ‍ॅव्हेन्यू आणि शांघायची मेट्रो

१ जानेवारी २०१७ रोजी न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये सेकंड अ‍ॅव्हेन्यूखालून मेट्रो धावू लागली. ७२, ८६ आणि ९६ व्या रस्त्यांवर तीन नवी स्थानकं, ६३ व्या रस्त्यावरच्या एका जुन्या स्थानकाचं नूतनीकरण, आणि सगळा मिळून सुमारे २.९ किलोमीटरचा मार्ग. खर्च ४.४५ अब्ज डॉलरच्या घरात, म्हणजे किलोमीटरमागे दीड अब्ज. बांधकाम एप्रिल २००७ मध्ये सुरू झालं होतं. या मार्गाची कल्पना मात्र पहिलं महायुद्ध संपल्यानंतरच्या काळातली, १९१९-२० सालची.

काम सुरू झालं त्याच वर्षी, २९ डिसेंबर २००७ ला, शांघायने ६, ८ आणि ९ या तीन मार्गांचे पहिले टप्पे एकाच दिवशी प्रवाशांसाठी उघडले आणि ४ क्रमांकाचं वर्तुळही पूर्ण केलं. तेव्हा शांघायचं सगळं जाळं अडीचशे किलोमीटरच्या आत होतं. न्यूयॉर्कची तीन स्थानकं तयार होईपर्यंत ते सहाशेच्या आसपास गेलं.

ही तुलना समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरत असते आणि तिच्याखाली ठरलेलं उत्तरही असतं: चीनमध्ये विचारणारं कोणी नाही, म्हणून जमतं, लोकशाहीत शंभर परवानग्या, शंभर खटले, म्हणून रखडतं. मला हे उत्तर आळशीपणाचं वाटतं. साफ खोटं नाही, पण सेकंड अ‍ॅव्हेन्यूचं प्रकरण नीट उलगडून पाहिलं तर खर्चाचा मोठा भाग त्यात सापडत नाही.

ज्या शहराला हे येत होतं

न्यूयॉर्कच्या पहिल्या भुयारी मार्गाचं कंत्राट १९०० साली दिलं गेलं आणि २७ ऑक्टोबर १९०४ ला गाडी धावली. साडेचौदा किलोमीटर, २८ स्थानकं, साडेचार वर्षं. १९१३ मध्ये शहराने दोन कंपन्यांशी करार करून जाळं जवळपास दुप्पट करायला घेतलं. आज आपण जे न्यूयॉर्कचं जाळं बघतो, चार रूळ, जलद गाड्या, रात्रभर चालणारी सेवा, त्याचा बहुतेक भाग १९४० पूर्वीचा आहे. तेव्हाही तिथे निवडणुका होत होत्या, वर्तमानपत्रं शिव्या घालत होती आणि घरमालक कोर्टात जात होते.

सेकंड अ‍ॅव्हेन्यूचा मार्ग १९२९ च्या मोठ्या आराखड्यात आला, आणि त्याच वर्षी शेअर बाजार कोसळला. मग जे झालं ते खास नगरपालिकी थाटाचं आहे. भुयारी मार्ग येणारच म्हणून सेकंड अ‍ॅव्हेन्यूवरची जुनी उन्नत रेल्वे १९४० ते १९४२ दरम्यान पाडून टाकली. १९५५ मध्ये थर्ड अ‍ॅव्हेन्यूवरचीही बंद झाली. १९५१ मध्ये मतदारांनी ५० कोटी डॉलरच्या रोख्यांना मंजुरी दिली होती, पण ती रक्कम आहे त्या जाळ्याच्या देखभालीत जिरली. भाडं १९४८ पर्यंत पाच सेंटवर गोठवून ठेवलेलं होतं. देखभालीला पैसा उरणार कुठून? जुनी गाडी गेली, नवी आली नाही, आणि मॅनहॅटनच्या पूर्वेकडच्या लाखो लोकांचा भार एकट्या लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यू मार्गावर पडला.

१९७२ मध्ये पुन्हा भूमिपूजन झालं. १९७५ मध्ये शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आलं आणि काम थांबलं. जमिनीखाली बोगद्याचे सुटे तुकडे तेवढे राहिले, एक ९९ ते १०५ व्या रस्त्यादरम्यान, एक ११० ते १२० च्या दरम्यान, एक खाली चायनाटाउनजवळ.

२००७ मध्ये तिसऱ्यांदा सुरुवात झाली तेव्हा मेट्रोपॉलिटन ट्रान्सपोर्टेशन ऑथॉरिटी, म्हणजे एमटीए, ही जगातल्या सर्वांत मोठ्या मेट्रो जाळ्यांपैकी एक चालवत होती. पण नवा मार्ग पहिल्यापासून बांधलेली पिढी तिच्याकडे उरली नव्हती. मार्ग चालवणं आणि मार्ग बांधणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं काम येणारी माणसं निवृत्त झाली आणि त्यांच्या जागी सल्लागार कंपन्या आल्या.

पैसे गेले कुठे

न्यूयॉर्क विद्यापीठाच्या मॅरन इन्स्टिट्यूटमधल्या काही संशोधकांनी जगभरच्या मेट्रोंचा बांधकाम खर्च जमवून त्याचा अभ्यास केला आहे आणि सेकंड अ‍ॅव्हेन्यूवर सविस्तर लिहिलं आहे. त्यातून पुढे आलेली सगळ्यात मोठी गोष्ट इतकी साधी आहे की पहिल्यांदा वाचताना विश्वास बसत नाही: स्थानकं गरजेपेक्षा फार मोठी खणली.

तिथे प्लॅटफॉर्मची लांबी सुमारे १८७ मीटर लागते. ७२ व्या रस्त्याच्या स्थानकासाठी खडकात कोरलेली गुहा त्याच्या दुपटीहून लांब आहे. उरलेल्या जागेत काय आहे? यंत्रांच्या खोल्या, हवा खेळती ठेवण्याची यंत्रणा, आणि कर्मचाऱ्यांच्या खोल्या. देखभालीच्या वेगवेगळ्या विभागांनी आपापल्या स्वतंत्र खोल्या मागितल्या. एका विभागाने दुसऱ्याची खोली वापरायची नाही, हा त्या संस्थेतला जुना रिवाज. मॅनहॅटनच्या कठीण शिस्ट खडकात सुरुंग लावून एक एक खोली वाढवायची म्हणजे काय खर्च येतो, हे मागणाऱ्या विभागाच्या अंदाजपत्रकात कुठेच दिसत नव्हतं. आणि ‘नाही’ म्हणायचा अधिकार असलेला माणूस त्या साखळीत कुणी नव्हता. सरकारी कार्यालयात काम केलेल्या मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको.

दुसरी बाब मजुरीची. बोगदा खणणाऱ्या यंत्रावर न्यूयॉर्कमध्ये जितकी माणसं असतात, तितकी युरोपात लागत नाहीत. युनियन आणि कंत्राटदार यांच्यात पथकाचा आकार ठरतो, आणि बिल भरणारी एमटीए त्या वाटाघाटीत बसलेलीच नसते. २०१७ च्या अखेरीस न्यूयॉर्क टाइम्सने या साऱ्यावर मोठा लेख छापला. त्यात शेजारच्या, उपनगरी रेल्वे मॅनहॅटनमध्ये आणणाऱ्या ईस्ट साइड अ‍ॅक्सेस प्रकल्पातली गोष्ट होती: कामावर दाखवलेल्या सुमारे ९०० माणसांपैकी २०० जण नेमकं काय करतात ते हिशेबनिसाला सापडलं नव्हतं. तो प्रकल्प ११ अब्ज डॉलर गिळून जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला.

सल्लागारांची, आराखड्याची, देखरेखीची बिलं वेगळी. ज्या संस्थेत स्वतःचे अभियंते कमी, तिला सल्लागारावर लक्ष ठेवायलाही दुसरा सल्लागार लागतो.

शेजाऱ्यांचा त्रास होताच. वस्ती श्रीमंत आणि दाट होती, आणि रोज सुरुंगांचे हादरे. ऑगस्ट २०१२ मध्ये ७२ व्या रस्त्यावर एका स्फोटाचे दगड रस्त्यावर उडाले आणि खिडक्यांच्या काचा फुटल्या. स्थानकाच्या दारांवरून खटलेही झाले. मार्च २०१३ मध्ये एक कामगार कमरेच्या वर चिखलात रुतला. त्याला बाहेर काढायला चार तास लागले. पण या सगळ्याने लागलेला उशीर आणि गुहेच्या आकाराने लागलेला खर्च यांची तुलना केली तर खटले किरकोळ ठरतात. शेवटी घाईचेही पैसे गेले. गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांनी २०१६ चं वर्ष संपायच्या आत मार्ग उघडायचाच असा हट्ट धरला, जादा पाळ्या लावल्या, आणि ३१ डिसेंबरच्या रात्री नव्या स्थानकात मेजवानी दिली. म्हणजे निवडून आलेला नेता मनावर घेतो तेव्हा लोकशाहीतही काम पळतं, हे याच प्रकरणात दिसतं.

शांघायची सवय

शांघाय यांगत्सेच्या गाळावर वसलं आहे. थोडं खणलं की पाणी आणि लोण्यासारखी माती. या शहरात बोगदा टिकणार नाही असंच बरेच दिवस मानलं जायचं. साठच्या दशकात तिथे प्रायोगिक बोगदे खणून पाहिले गेले, पण पहिला मार्ग १९९० मध्ये हाती घेतला आणि त्याचा दक्षिणेकडचा छोटा तुकडा मे १९९३ मध्ये सुरू झाला. कर्ज जर्मनीचं, डबे जर्मन. त्यासाठी हुआईहाई या शहराच्या मुख्य बाजाररस्त्याचा भाग खणून बंद ठेवावा लागला होता.

पुढची गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १९९५ मध्ये चीनच्या केंद्र सरकारने नव्या मेट्रोंना मंजुरी देणं थांबवलं. शहरं परदेशी डबे आणि सिग्नल यंत्रणा महागात घेत होती आणि कर्ज फुगत होतं. बंदी उठली ती नव्वदच्या दशकाच्या शेवटी, आणि अट अशी की किमान ७० टक्के सामान देशी हवं. २००३ मध्ये निकष आले: शहरी लोकसंख्या ३० लाखांवर, शहराचं वार्षिक सकल उत्पादन (जीडीपी) १०० अब्ज युआनच्या वर, महापालिकेचा महसूल १० अब्जांच्या वर. मेट्रो वाढवण्याचा आराखडा पाच-सहा वर्षांचा एकगठ्ठा बीजिंगकडे पाठवायचा आणि तो तिथून मंजूर करून घ्यायचा, अशी पद्धत पडली. ‘विचारणारं कोणी नाही’ या समजुतीला इथेच तडा जातो. विचारणारं होतं, फक्त ते वरच्या मजल्यावर बसलेलं होतं; घर जाणाऱ्याच्या हातात मात्र फारसं काही नव्हतं.

पण या पद्धतीने एक गोष्ट साधली. पुढची पाच-सहा वर्षं किती काम आहे हे सगळ्यांना आधी माहीत. एक मार्ग संपला की आराखडा करणारी संस्था, बोगद्याचं पथक, विजेचं पथक, डब्यांचा कारखाना, सगळे पुढच्या मार्गावर. स्थानकं बहुतेक एकाच साच्याची: रस्ता उघडून खोल भिंती घालायच्या, दोन मजली पेटी बांधायची, मध्ये प्लॅटफॉर्म, वर तिकीटघर, आणि झाकायचं. दिसायला सगळी सारखी. पण शंभरावं स्थानक बांधणाऱ्या पथकाला नव्व्याण्णवाव्यात कुठे पाणी शिरलं ते आठवत असतं. २०१० च्या जागतिक प्रदर्शनाला ७ कोटींहून जास्त लोक आले, आणि त्यासाठी ठरवलेल्या तारखेआधी शांघायचं जाळं ४०० किलोमीटरच्या पुढे गेलं होतं. २००० साली ते शंभरालाही पोहोचलेलं नव्हतं.

आता एक आकडा न देता सांगायची गोष्ट, कारण आकडा विनिमयदर कोणता धरता यावर बदलतो: चीनची मेट्रो स्वस्त नाही. वर उल्लेख केलेल्या संशोधकांच्या तुलनेत तिथला किलोमीटरमागचा खर्च जगाच्या सरासरीच्या आसपास येतो. स्पेन, इटली, दक्षिण कोरिया, तुर्कस्तान यांनी त्याहून कमी खर्चात बोगदे बांधले आहेत. चीनचं वेगळेपण किती बांधलं यात आहे.

घाईची किंमतही शांघायने मोजली. १ जुलै २००३ ला ४ क्रमांकाच्या मार्गावर हुआंगपू नदीकाठी दोन बोगद्यांना जोडणारा आडवा रस्ता खणताना, पाणी अडवण्यासाठी मुद्दाम गोठवलेली माती सुटली, पाणी आणि वाळू आत घुसली, बोगदा खचला आणि वरच्या इमारती कलल्या, काही कोसळल्या. तो तुकडा दुरुस्त करून वर्तुळ पूर्ण व्हायला २००७ उजाडलं. २७ सप्टेंबर २०११ ला १० क्रमांकाच्या मार्गावर सिग्नल बंद पडल्यावर दूरध्वनीवरून गाड्या सोडल्या जात असताना टक्कर झाली आणि अडीचशेहून अधिक लोक जखमी झाले. जवळच्या हांगझोउमध्ये नोव्हेंबर २००८ मध्ये स्थानकाचा खड्डा खचला आणि २१ जण मेले. सेकंड अ‍ॅव्हेन्यूच्या चिखलातून तो कामगार जिवंत निघाला, हे दोन्ही शहरांची तुलना करताना विसरू नये.

आणि एक चूक अशी जी आता दुरुस्तही होत नाही. ६ क्रमांकाचा मार्ग चार अरुंद डब्यांच्या गाडीसाठी बांधला. शहराच्या पूर्वेकडच्या पुदोंग भागात वस्ती किती वाढेल याचा अंदाज चुकला, पहिल्या वर्षापासून गर्दी उसळली, पण भुयारी प्लॅटफॉर्म लांबवणार कसे? जिथे न्यूयॉर्कने अवाढव्य गुहा खणली तिथे शांघायने हात आखडता घेतला.

लोक गप्प होते असंही नाही. जानेवारी २००८ मध्ये शांघाय-हांगझोउ चुंबकीय रेल्वेच्या विरोधात मध्यमवर्गीय रहिवासी शहराच्या मध्यभागी ‘फिरायला’ म्हणून जमले. तो विस्तार पुढे झालाच नाही.

जमिनीचा पैसा

चिनी शहरांनी हे सगळं कर्ज फेडायचं ठरवलं होतं ते बहुतांशी जमिनीतून. शहरी जमीन सरकारच्या मालकीची, तिच्या वापराचे हक्क विकायचे. मेट्रो आली की भाव चढायचे आणि पुढच्या मेट्रोला पैसा मिळायचा. हाँगकाँगने स्थानकावर इमले बांधून हे नीट जमवलं होतं. शेनझेन मेट्रो तर २०१७ मध्ये वांके या प्रचंड बांधकाम कंपनीची सर्वांत मोठी भागधारक बनली. मग घरांचा बाजार बसला, आणि २०२४ मध्ये या मेट्रो कंपनीला ३० अब्ज युआनहून जास्त तोटा दाखवावा लागला.

त्याआधीच बीजिंगने लगाम ओढला होता. ऑगस्ट २०१७ मध्ये अंतर्गत मंगोलियातल्या बाओतोउ शहराची नुकतीच सुरू झालेली मेट्रो थांबवली गेली. कर्ज झेपणार नाही म्हणून. २०१८ मध्ये २००३ चे आर्थिक निकष तिप्पट झाले. २०२३ अखेर चीनच्या मुख्य भूमीवर ११,००० किलोमीटरहून जास्त शहरी रेल्वे होती, पण कितीतरी लहान शहरांसाठी तो दरवाजा बंद झाला आहे.

माद्रिदचं काय करायचं?

‘चीन विरुद्ध पाश्चात्त्य’ ही मांडणी ज्या शहरापाशी मोडते ते माद्रिद. १९९५ ते १९९९ या चार वर्षांत त्यांनी ५६ किलोमीटर मेट्रो बांधली. पुढच्या चार वर्षांत आणखी, त्यात दक्षिणेच्या उपनगरांना जोडणारं ४१ किलोमीटर आणि २८ स्थानकांचं मेट्रोसूर वर्तुळ तीनेक वर्षांत. किलोमीटरमागचा खर्च न्यूयॉर्कच्या तुलनेत अगदी किरकोळ.

हे काम पाहणारे मानुएल मेलिस मायनार हे स्वतः अभियंता आणि प्राध्यापक. त्यांचं पथक छोटं होतं आणि निर्णय तिथल्या तिथे व्हायचे. कंत्राट देताना किमतीला ३० टक्के वजन, बाकीचं तांत्रिक गुणवत्तेला आणि वेळेला. सर्वांत कमी बोली लावणाऱ्याला काम देऊन पुढे दहा वर्षं वाढीव बिलांवर भांडत बसण्यापेक्षा हे स्वस्त पडतं, असं त्यांचं म्हणणं. नामवंत वास्तुविशारदाचं स्थानक नको. साधी, एकसारखी, उजेडाची स्थानकं हवीत. बोगदा खणायची पद्धतही प्रयोग न करता ठरवून टाकलेली.

माद्रिदला वेग दिला तो निवडणुकीने. प्रादेशिक सरकारला चार वर्षांत फीत कापायची होती, ती त्यांनी कापली: १९९९ ला आणि पुन्हा २००३ ला. मेट्रोसूर एप्रिल २००३ मध्ये उघडली, मतदान मे महिन्यात. त्याच युरोपात लंडनच्या एलिझाबेथ लाइन या भुयारी रेल्वेचा कायदा २००८ चा, उद्घाटन डिसेंबर २०१८ ला ठरलेलं, गाडी धावली मे २०२२ मध्ये. दोन्हीकडे लोकशाहीच.

आपल्याकडून या प्रकरणाला एक खरा धागा जातो, म्हणून तेवढा सांगतो. मुंबईच्या मेट्रो ३ चं कफ परेड ते हुतात्मा चौक आणि मरोळ ते सीप्झ हे दोन टप्पे एल अँड टी आणि शांघाय टनेल इंजिनीअरिंग कंपनी यांनी मिळून खणले. शांघायच्या गाळात शिकलेली हीच कंपनी. तरीही मेट्रो ३ चा खर्च २३,१३६ कोटींवरून ३७,००० कोटींच्या पुढे गेला आणि पूर्ण मार्ग उघडायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. खणणारा शांघायहून आणता येतो. दर पाच वर्षांनी पुढच्या मार्गाचा आराखडा तयार ठेवणारं कार्यालय आणता येत नाही.

सेकंड अ‍ॅव्हेन्यूचा दुसरा टप्पा १२५ व्या रस्त्यापर्यंत जायचा आहे: आणखी तीन स्थानकं, अंदाज ७.७ अब्ज डॉलर. टीकेचा थोडा परिणाम झालेला दिसतो. स्थानकांमधल्या त्या खोल्या कमी केल्या आहेत, आणि ११६ व्या रस्त्याचं स्थानक १९७० च्या दशकात अर्धवट सोडलेल्या बोगद्यातच बसवायचं ठरलं आहे; एवढ्याने एक अब्जाहून जास्त वाचतील असं एमटीए सांगते. ऑगस्ट २०२५ मध्ये बोगद्याचं कंत्राट ज्या जोडकंपनीला मिळालं तिच्यात एफसीसी ही स्पॅनिश कंपनी आहे. त्यानंतर दोनच महिन्यांत, ऑक्टोबरमध्ये, वॉशिंग्टनने या प्रकल्पाचा केंद्रीय निधी रोखून धरल्याचं जाहीर केलं.